महिला संघावर पहिली कात्री: नऊ वर्षांचा मागोवा

जानेवारी २०१७ च्या अखेरीस दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर इंडियन विमेन्स लीग या फुटबॉल स्पर्धेची पहिली अंतिम फेरी सुरू झाली, तेव्हा मैदानात सहा संघ होते. मणिपूरची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट क्लब, तमिळनाडूतले जेप्पियार हे इंजिनिअरिंग कॉलेज, हरियाणाच्या भिवानी जिल्ह्यातले अलखपुरा नावाचे खेडे, मिझोरामचा ऐझॉल एफसी आणि आपला एफसी पुणे सिटी. पुरुषांचा व्यावसायिक संघ असलेले क्लब यात दोनच होते, ऐझॉल आणि पुणे. झगमगत्या इंडियन सुपर लीगमधून (आयएसएल) तर एकटे पुणेच आले होते. महाराष्ट्राने मिरवावी अशी ही गोष्ट, पण आज ती फारशी कुणाला आठवत नाही. कारण ज्या क्लबाने हे पाऊल उचलले, तो क्लबच अडीच वर्षांत बंद झाला.

पुण्याने महिला संघ काढला तो २०१६ मध्ये. क्लबाची स्वतःची स्थापना २०१४ ची. वाधवान समूहाचा पैसा, हृतिक रोशनचे नाव आणि घरचे मैदान बालेवाडीचे. पुरुषांच्या संघाचे बस्तान अजून पुरते बसले नव्हते, तरीही महिला संघ उभा केला, याचे श्रेय त्या व्यवस्थापनाला दिलेच पाहिजे. त्या काळी आयएसएलच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबाने ते धाडस केले नव्हते.

तरी १४ फेब्रुवारी २०१७ ला अंतिम सामना झाला तो ईस्टर्न आणि रायझिंग स्टुडंट यांच्यात. ईस्टर्नने तो ३-० ने जिंकला. मोठे प्रायोजक ना यांच्याकडे होते, ना त्यांच्याकडे. होत्या त्या वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या मुली. मणिपुरात महिला फुटबॉल गावोगावी रुजलेला आहे. पैसेवाल्या क्लबाला जर्सी, बस आणि प्रशिक्षक विकत घेता येतात, पण बारा-तेराव्या वर्षापासून मैदानावर घाम गाळलेल्या पंचवीस मुली आयत्या मिळत नाहीत. पुण्यासारख्या क्लबापुढची ही पहिली अडचण होती आणि महाराष्ट्रात ती आजही तशीच आहे.

या अडचणीचे मूळ बघायचे तर अकोल्याच्या जुन्या शहरात यावे. मोर्णा नदीच्या काठी, किल्ला आणि राजराजेश्वर मंदिराच्या परिसरात किंवा डाबकी रोडला एखादी मुलगी शाळेत फुटबॉल खेळायला लागली, तर तिच्यापुढे एक वाट सरळ आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, तिथून अमरावती विभाग, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ, आणि तिथून राज्य. सुब्रतो करंडकात २०१२ पासून सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे, त्याची अंतिम फेरी दिल्लीला होते. इथवर शाळेचे पत्र असते, सोबत शिक्षक असतात, गणवेश मिळतो. अठरावे लागले की हे सारे एकदम थांबते. पुढचा क्लब पुण्याला, मुंबईला, नाहीतर कोल्हापूरला. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस अकोल्यावरूनच जाते, तेव्हा गाडीची अडचण नाही. अडचण घरातल्या प्रश्नांची आहे. राहायचे कुठे, जेवणाचे काय, सोबत कोण, पगार किती आणि तो किती महिने? बाप विचारतो, “एकटी पोट्टी इतक्या दूर कायले पाठवाची? अन् तीन हप्ते खेळून आली, मंग?”

हा तीन हप्त्यांचा सवाल बिनतोड होता. लीगची पहिली सहा पर्वे सगळी एकेका शहरात भरवलेल्या स्पर्धेसारखी झाली. २०१७ ला दिल्ली, २०१८ ला शिलाँग, २०१९ ला लुधियाना, २०२० ला बंगळूर, मग कोरोनाने एक हंगाम गिळला, २०२२ ला भुवनेश्वर आणि २०२३ ला अहमदाबाद. अहमदाबादचे सामने एप्रिल-मेमध्ये झाले. त्या दिवसांतले ऊन म्हणजे काय, हे अकोलेकरांना सांगायला नको. सामने फार तर दीड महिन्यात आटोपणार, मग क्लबाने मुलींना बारा महिन्यांचा करार कशासाठी द्यायचा? म्हणून करार छोटे. करार छोटे म्हणून चांगल्या मुली रेल्वे, पोलीस किंवा निमलष्करी दलांची नोकरी धरणार. मणिपूर पोलीस, ओडिशा पोलीस आणि सशस्त्र सीमा बल यांचे संघ या लीगमध्ये दिसत राहिले, ते याच कारणाने. खेळाडूला पगाराची आणि पेन्शनची हमी वर्दीने दिली, क्लबाला ती देता आली नाही.

व्यावसायिक क्लबाला महिला संघ जोडताना हिशेबाच्या वहीत न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी आड येतात. सरावाचे मैदान एकच असते, त्यावरच्या चांगल्या वेळा पुरुषांच्या संघाला आणि त्यांच्या अकादमीला जातात. मुलींच्या वाट्याला भर दुपार येते किंवा दिवे नसलेली संध्याकाळ. कपडे बदलायची खोली एक, तिला आतून कडी नाही. बूट पुरुषांच्या मापाने मागवलेले, त्यातला सर्वांत लहान जोडही मुलीच्या पायात सैल. महिला फिजिओ नाही, म्हणून मांडीचा स्नायू ताणला तरी मुलगी दोन दिवस बोलत नाही. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी अधिक होते, हे जगभरच्या क्रीडावैद्यकाने दाखवून दिले आहे. तरी सराव मात्र पुरुषांच्या तक्त्यावरून उतरवलेला. पाळीच्या दिवसांत काय करायचे, हे विचारायला त्या साऱ्या कर्मचारीवर्गात एक बाई नसते. यातली एकेक गोष्ट थोड्या पैशांत सुटण्यासारखी आहे. त्यासाठी क्लबाच्या कार्यालयात हे रोजचे काम कुणाचे, एवढे नक्की झालेले लागते, आणि बहुतेक ठिकाणी तेच झालेले नव्हते.

शिलाँगच्या अंतिम फेरीत पुण्याचे नाव नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लबच गुंडाळला गेला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुरुष खेळाडूंना दुसरे क्लब मिळाले. मुलींच्या संघाचे पुढे काय, हा प्रश्न त्या बातम्यांच्या गर्दीत कुणी मोठ्याने विचारलासुद्धा नाही.

महाराष्ट्राची बाजू मग छोट्या संस्थांनी सांभाळली. त्यात कोल्हापूरचे उदाहरण विशेष. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे सामने म्हणजे सारे शहर लोटते. पण तो फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा. त्याच गावातून एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ निघाला आणि लुधियाना व बंगळूर अशा लागोपाठ दोन लीगमध्ये खेळला. फुटबॉलवर जीव टाकणारे गाव असले म्हणजे मुलींच्या संघामागेही कुणीतरी उभे राहते, हे त्याने दाखवले. पुढे भुवनेश्वरला मुंबईची पीआयएफए आणि अहमदाबादला मुंबई नाइट्स उतरले. मात्र दर एक-दोन वर्षांनी संघाचे नाव बदलत गेले. एका क्लबाने सलग पाच-सहा वर्षे तग धरावा आणि त्याच्या नावावर वऱ्हाडातल्या पालकाने मुलीला निर्धास्त पाठवावे, असे घडलेच नाही.

विदर्भात नागपूरला विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या स्लम सॉकरने वस्तीतल्या मुलामुलींना चेंडू दिला. २०१६ चा फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार या संस्थेला मिळाला. अमरावतीला १९१४ पासूनचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याच्या मल्लांनी आणि खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. शरीर कमावण्याची आणि शिकवण्याची परंपरा वऱ्हाडाला कुणी शिकवायची गरज नाही. कमी आहे ती पगार देणाऱ्या क्लबाची, आणि ती उणीव सेवाभावी संस्था किंवा व्यायामशाळा भरून काढू शकत नाही. त्यांच्यावर तो भार टाकणेही बरोबर नाही.

केरळने याच काळात दोन्ही टोके दाखवली. गोकुलम केरळ या २०१७ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाने महिला संघ जवळजवळ पहिल्यापासून मनावर घेतला. २०२०, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठची तीन विजेतेपदे त्याने मिळवली. २०२१ मध्ये जॉर्डनमधल्या अकाबा इथे आशियाई क्लब स्पर्धेत हा संघ तिसरा आला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, याच मुली पुढच्या आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या आणि फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केल्याची बातमी आली. महासंघाच्या कारभारातला गोंधळ पदाधिकाऱ्यांचा, न्यायालयातला. मैदानाची दारे बंद झाली ती मुलींना. निलंबन २६ ऑगस्टला उठले, तोवर त्यांची संधी गेली होती. इतक्या मेहनतीने मिळवलेला हक्क असा हातचा जावा, हे आजही मनाला लागते.

दुसरे टोक केरळ ब्लास्टर्सचे. भारतातल्या सर्वांत जास्त चाहते असलेल्या क्लबांपैकी हा एक. त्याने जुलै २०२२ मध्ये महिला संघ वाजतगाजत काढला. मार्च २०२३ मध्ये बंगळूर एफसीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावर चिडून पुरुषांच्या संघाने मैदान सोडले. महासंघाने चार कोटींचा दंड केला. जूनमध्ये क्लबाने जाहीर केले की आर्थिक भार पाहता महिला संघ तूर्त थांबवत आहोत. मैदान सोडले पुरुषांनी आणि घरी गेल्या मुली. या नऊ वर्षांत व्यावसायिक क्लबांनी महिला संघाला कुठे बसवले, ते यापेक्षा स्पष्ट करून सांगणारी दुसरी घटना नाही. पुरुषांच्या संघाचे उत्पन्न घटले, दंड झाला, प्रायोजक गेला, की कात्री कुठे लावायची हे आधीच ठरलेले असते.

श्रीमंत देशांतही हेच झाले आहे. मँचेस्टर युनायटेडसारख्या क्लबाने २००५ मध्ये महिला संघ मोडला आणि तो पुन्हा उभा केला २०१८ मध्ये, तेरा वर्षांनी. त्या तेरा वर्षांत एक अख्खी पिढी दुसऱ्या क्लबांत गेली किंवा खेळ सोडून गेली. दक्षिण अमेरिकेच्या महासंघाने वेगळा मार्ग धरला: २०१९ पासून कोपा लिबेर्तादोरेसमध्ये खेळायचे तर क्लबाला महिला संघ हवाच. सक्तीने काढलेल्या संघांत नावापुरते संघही निघाले, ही टीका खरी आहे. पण मालकाची मर्जी फिरली म्हणून संघ रातोरात बंद करण्याची सोय त्या नियमाने काढून घेतली. भारतात तसा नियम आयएसएलला लागू झाला असता, तर ब्लास्टर्सना मुलींच्या संघाआधी दुसरीकडे काटकसर शोधावी लागली असती.

आपल्याकडे बदल झाला तो २०२३ च्या सुमारास. लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबाने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान तीन लाख वीस हजारांचा करार द्यावा, असे महासंघाने जाहीर केले. २०२३-२४ पासून लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर, महिनोन्‌महिने खेळली जाऊ लागली. त्या वर्षी ओडिशा एफसी विजेता, पुढच्या वर्षी ईस्ट बंगाल. पुरुषांच्या मोठ्या क्लबांनी मनावर घेतले तर काय होते, हे या दोघांनी दाखवले. तरीही २०२४-२५ च्या आठ संघांत आयएसएलचे क्लब हे दोनच.

जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथे पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. २०२२ चा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला होता. त्याच वर्षीच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. यजमानपण महाराष्ट्राने दोनदा निभावले. पण लीग घरच्या-बाहेरच्या मैदानांवर सुरू झाल्यापासून २०२५-२६ पर्यंत तिच्या वरच्या गटात महाराष्ट्राचा एकही संघ आला नाही. शेजारच्या गोव्याची सेसा अकादमी २०२५-२६ साठी खालच्या गटातून वर चढली, म्हणजे त्या हंगामात अकोल्याच्या मुलीला मराठी मुलखाच्या जवळ पूर्ण हंगामाचा करार हवा असता, तर तिला मडगावची गाडी बघावी लागली असती.