आशाताईंना पडवीत थांबवू नका

सामाजिक कामावरचे संशोधन आणि गावातले प्रत्यक्ष काम यांची गाठ आपल्याकडे क्वचित पडते. अहवाल कपाटात राहतात. गडचिरोलीत मात्र ती पक्की पडली.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथे प्रथम बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. हाताशी गावातल्या सुईणी, त्यांतल्या कित्येक निरक्षर. मिनिटाला साठ श्वास मोजायचे कसे? त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन बनवले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. (गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून तीस वर्षे बसलेल्या मला या साधनाचे फार कौतुक वाटते.)

पुढे ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. वजन, ताप, बाळाला ऊब, अंगावरचे दूध, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शनसुद्धा! तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत आली ती २०११ साली. मध्ये बारा वर्षे गेली. हा काळ मला फार वाटतो.

आता उरलेले अंतर आपल्या उंबरठ्यावरचे. रत्नागिरीच्या रुग्णालयातून बाळबाळंतीण वाडीवर येतात. आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ पाहायचे असते. पण घरात सोयर असते, दृष्टीची भीती असते, आणि आजी पडवीतूनच सांगते, "बाळ झोपलंय, बरं आहे." वहीत भेट लागते, बाळ कोणी पाहिलेलेच नसते. पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा, आणि नेमका तोच असा जातो.

आजीबाई, सोयर पाळा, पण आशाताईंना हात धुऊन आत येऊ द्या. बाळ त्यांच्यासमोर उघडे करून वजन होऊ द्या. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग थंड किंवा तापलेले लागले, शांत असतानाही श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाले, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर त्यांच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. घुटी, धुरी यांत वेळ न दवडता बाळाला आईच्या छातीशी उबेत धरून त्याच वेळी रुग्णालयात न्या, रात्र असली तरी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.