लातूर जिल्ह्यात जाऊन राहावे काय?

सुलतान बाजारातली मराठी मंडळी दोन विषयांवर तासन् तास बोलू शकतात. एक गाण्याचा आणि दुसरा गावी परत जाण्याचा. पहिल्यावर माझा चरितार्थ चालतो. दुसऱ्यात मी आजवर तोंड घातले नव्हते. परंतु २०२० च्या टाळेबंदीनंतर या दुसऱ्या विषयाला निराळाच जोर चढला आहे. पाच एकर घ्यावेत, विहीर पाडावी, दोन गाई बांधाव्यात, आणि जगाचे काही होवो, आपण कोणाच्या तोंडाकडे पाहू नये, असे पुष्कळांना वाटू लागले आहे. माझ्या एका शिष्याच्या वडिलांनी तर औसा तालुक्यात जमिनीची बोलणी चालवली आहेत आणि त्यापायी इथले राहते घर काढायचे त्यांच्या मनात आहे. तेव्हा जिल्हा पारखून घेणे आले.

लातूरच का, असे कोणी विचारील. आमच्यापैकी कित्येकांची मुळे निजामी अमलातल्या मराठवाड्यात आहेत. बिदर, उदगीर करीत मोटारीने दिवसाउजेडी पोहोचता येते. बोली आपली, भाकरी आपली. ही ओढ खरी आहे. पण ओढीवर विहिरीला पाणी लागत नाही.

पाण्यापासूनच सुरुवात करू. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूरला पाणी देते, बिदरवरून तेलंगणात उतरते, आणि सिंगूरच्या जलाशयातून तिचेच पाणी हैदराबादच्या नळांना येत आले आहे. म्हणजे लातूरला जाणारा नदी बदलत नाही. तिच्या वरच्या अंगाला जाऊन बसतो, एवढेच. वरच्या अंगाला पाणी अधिक असेल असा समज असतो. २०१६ साली तो पार खोटा ठरला. ओळीने दोन वर्षे पाऊस कमी झाला, धनेगावचे मांजरा धरण आटले, आणि एप्रिलमध्ये लातूर शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. हे पाणी आले मिरजेहून. आम्हा गाणाऱ्यांना मिरज ठाऊक ती तंबोऱ्यांसाठी. त्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचे भोपळे पिकतात पंढरपूरच्या बाजूला, आणि पाण्याची गाडी गेली ती पंढरपूरवरूनच, पूर्वी ज्यावर बार्शी लाइटची चिमुकली गाडी धावे त्या मार्गाने. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून प्यायचे पाणी यावे, ही गोष्ट स्वयंपूर्णतेच्या स्वप्नाशी ताडून पाहावी.

याचा अर्थ तिथे पाऊसच नाही असा नव्हे. वर्षाची सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे. अडचण जमिनीच्या पोटात आहे. हा सगळा काळ्या पाषाणाचा प्रदेश. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या थरांमधल्या फटींत. त्याखाली पाचशे, सातशे फूट बोअर मारणे म्हणजे सोडतीचे तिकीट घेणे होय. त्यात ऊस! ज्या शिवारात उसाचे फड दिसतील तिथली हिरवळ पाहून नवख्याने भुलू नये. ती हिरवळ त्याच्या विहिरीतलेच पाणी पिणार आहे.

मी थोडे गणित मांडून पाहिले. शंभर चौरस मीटरचे छप्पर असेल तर बऱ्या वर्षी त्यावर ऐंशी हजार लिटर पडते, वाईट वर्षी चाळीस हजार. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी वाईट वर्षीही बत्तीस हजार उरते. पाच माणसांना पिण्याला व स्वयंपाकाला रोजचे चाळीस लिटर लागले, तर वर्षाचे पंधरा हजारांच्या वर जात नाही. म्हणजे पक्की झाकलेली टाकी बांधली तर माणसे तरतील. गाई मात्र त्या टाकीवर जगणार नाहीत.

अन्नाची गोष्ट त्या मानाने बरी आहे. खोल काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते. जिरायत दोन-अडीच एकरांत एका कुटुंबाची भाकरी निघावी. परंतु आज शिवारभर दिसते ते सोयाबीन. ते काही कोणी ताटात वाढून घेत नाही. विकायचे आणि आलेल्या पैशांतून पीठ आणायचे. पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. कोरड्या मुरमात खड्डा खणून, कडब्याचे अस्तर देऊन तोंड बंद करीत. उघडल्यावर आधी दिवा आत सोडीत. तो विझला तर माणूस उतरत नसे, कारण आतल्या विषारी हवेने जीव जाई. ही सारी विद्या जाणत्यांकडूनच शिकावी लागते, पुस्तकातून नव्हे.

आता घराविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक झोपले असता, किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत निर्धोक पट्ट्यात धरला जात असे. माणसे मारली ती मुख्यतः घरांनी: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर अंगावर आले. हौसेने जुना वाडा घेऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गार भिंती हव्यात खऱ्या, पण त्यांना कोपऱ्यांत व पट्ट्यांत लोखंडाची बांधणी हवी आणि छप्पर हलके हवे.

एवढे ऐकून जिल्हा नापास, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. अहिल्यानगरकडच्या हिवरे बाजाराला पाऊस लातूरच्या निम्मा. १९९० च्या सुमारास पोपटराव पवारांच्या सरपंचकीत तिथल्या लोकांनी पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, उसाला व केळीला मज्जाव केला, आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब गावापुढे मांडून पिके ठरवू लागले. तेव्हा पारखायचा तो जिल्हा नव्हे, गाव. आणि तेही श्रावणात नव्हे; श्रावणात कोणतेही गाव सुंदरच दिसते. वैशाखात जावे, विहिरींत डोकावावे, १९७२ साली आणि २०१६ साली इथल्या आडाला पाणी होते का ते म्हाताऱ्या बायकांना विचारावे, कारण पाणी त्यांनी वाहिलेले असते. आणि शेजारच्या बांधावर कोणी आपल्याहून दुप्पट खोल बोअर घेऊ लागला, तर त्याला थोपवणारी ग्रामसभा त्या गावात आहे काय, हे जमिनीचा भाव विचारण्याच्या आधी विचारावे.