पासबुकात न दिसणारे ६० हजार. ऊस बिलाचा हिशेब ठेवा साध्या फाइलमध्ये

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी गळीत हंगामात एक घोळ ठरलेला असतो. समजा, ६० टन ऊस गेला आणि टनाला ३ हजारांप्रमाणे बिल झाले १ लाख ८० हजार. त्यातले ६० हजार सोसायटीच्या कर्जापोटी परस्पर वळते झाले, तर बँकेत येतात १ लाख २० हजार. पासबुक पाहणाऱ्याला उत्पन्नही तेवढेच वाटते.

द्विनोंदी पद्धतीत हे ६० हजार हरवत नाहीत. बँक अधिक १,२०,०००, सोसायटी कर्ज अधिक ६०,०००, ऊस उत्पन्न उणे १,८०,०००, बेरीज शून्य. उत्पन्नापुढे उणे चिन्ह पाहून सुरुवातीला बिचकायला होते, पण नावे म्हणजे अधिक आणि जमा म्हणजे उणे, एवढाच हा संकेत आहे.

असा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायला 'एचलेजर' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. २००३ मध्ये जॉन विगली यांनी आणलेल्या 'लेजर'चा हा पुढचा भाऊ. जुन्या भाषेत सांगायचे तर आपण फक्त कीर्द लिहायची, खतावणी कॉम्प्युटर करतो. कीर्द म्हणजे नोटपॅडमधली साधी फाइल. ती आपल्याच मशिनवर राहते आणि उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तरी वाचता येते.

विंडोजसाठी एचलेजरच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून घ्यावी. उबंटूत ते नेहमीच्या पॅकेजांतच मिळते. काम मुख्यतः कमांड टाइप करून चालते. पहिले दोन दिवस हेच जड जाते.

खात्यांची नावे मराठीत चालतात, मात्र फाइल 'यूटीएफ-८' प्रकारात सेव्ह करावी आणि आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. खाते आणि रक्कम यांच्यात किमान दोन स्पेस हव्यात. एकच पडली तर रक्कमही खात्याच्या नावातच धरली जाते. नवख्यांची सर्वाधिक अडचण इथेच होते. मराठी नावांतले कोणते खाते मालमत्तेचे, कोणते देण्याचे, हे फाइलच्या सुरुवातीला एकदा सांगून ठेवावे, नाहीतर ताळेबंद रिकामा येतो.

नोंदीची बेरीज शून्य झाली नाही, तर सॉफ्टवेअर ओळ दाखवून अडून बसते. बँकेच्या रकमेपुढे बरोबरचे चिन्ह देऊन पासबुकातली शिल्लक लिहिली, तर तीही ताडून पाहते. सोसायटीच्या खातेउताऱ्यावरची बाकीही याच पद्धतीने दर महिन्याला जुळवता येते. व्याजाची नोंद राहून गेली असेल तर तिथेच सापडते.