स्टेंट बसला, पुढे काय?

हिंगणघाट हे कापसाचे आणि जिनिंगचे गाव. आपला माणूस येथे हमाली करतो, जिनमध्ये राबतो, नाहीतर शेतमजुरीला जातो. अशा माणसाच्या छातीत एक दिवस कळ उठते. नागपूर किंवा सावंगीला अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो आणि काही दिवसांत तो घरी येतो. घरचे म्हणतात, संकट टळले. आम्ही म्हणतो, खरी लढाई आता सुरू झाली.

ऑपरेशनचा भार पूर्वीइतका राहिलेला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवण्यात आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही हे उपचार होतात. पण स्टेंट हा अडथळा दूर करतो, रोग नव्हे. रोगाला आवर घालते ती रोजची गोळी आणि रोजचे चालणे. गरीब माणूस नेमका येथेच एकटा पडतो. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काय आढळले? गरीब देशांतील हृदयरोग व पक्षाघाताच्या दर १०० रुग्णांपैकी ८० जण यासाठीची एकही गोळी घेत नव्हते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ११ होते. हा फरक नशिबाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करणे ही सर्वांत घातक चूक. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंट अचानक बंद पडून जीव जाऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. गोळीने चक्कर येत असेल तर गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा; मात्रा बदलता येते. पैशाची अडचण असेल तर जन औषधी केंद्रात त्याच औषधाची स्वस्त गोळी मागा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. उपजिल्हा रुग्णालयात चिठ्ठी घेऊन जा आणि हक्काने विचारा.

दुसरी चूक व्यायामाची. कोणी भीतीने महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहतो, तर कोणी मजुरी बुडते म्हणून आठव्या दिवशी पोते उचलतो. दोन्ही चुकीचे. डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चाला. दर आठवड्याला थोडे वाढवत अर्ध्या तासावर या. चालताना बोलता आले पाहिजे. धाप लागून बोलणे तुटले तर वेग कमी करा. काही गोळ्यांमुळे नाडी संथ राहते, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबू नका. वैशाखातल्या उन्हात नव्हे, पहाटे चाला. छातीत दुखले, दरदरून घाम आला तर थांबा, बसा. दुखणे थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. ओझ्याचे काम मात्र तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितल्यावरच. बायपास झाला असेल तर छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने द्यावेच लागतात.

पण तोपर्यंत घर कसे चालणार? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारपणात कामगाराच्या घरी पैसा आला पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. शेतमजूर मात्र आजही त्या छत्राबाहेर आहे. ही मागणी आपल्याला लावून धरावी लागेल.

तोवर वस्तीने हातावर हात ठेवून बसू नये. जयंतीसाठी आपण वर्गणी जमवतो, त्यातला एक वाटा आजारी बांधवाच्या गोळ्यांसाठी का असू नये? पहाटे विहारापासून चार जणांनी त्याच्यासोबत चालायला काय हरकत आहे? शिकलेल्या मुलीने त्याच्या गोळ्यांची वेळ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावी. संघटना म्हणजे केवळ मोर्चा नव्हे. आपला माणूस पुन्हा पायावर उभा राहीपर्यंत सोबत चालणे, हीही संघटनाच आहे.