मोतीला धाप लागली तेव्हा

मागच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी चालू होती. आमच्या गटातल्या एकीचा मोती शेतातून झोकांड्या खातच अंगणात आला. तोंडातून लाळेची धार, दोन उलट्या, मग पातळ हगवण आणि भात्यासारखी धाप. घरच्या आजी म्हणाल्या, ताक पाजा. कुणी मिठाचं पाणी आणलं, कुणी तेल. आम्हीही तिथंच होतो, आणि आमच्याही मनात तेच आलं होतं.

पण नेमकं तेच करायचं नाही. धाप लागलेल्या कुत्र्याला धड गिळता येत नाही. पाजलेलं पोटाऐवजी फुफ्फुसात जाऊ शकतं. जास्त मीठ तर स्वतःच बाधतं. ओकारी काढायला घशात बोटंही घालू नका. लाळ गाळणारं कुत्रं पिसाळलेलंही असू शकतं, आणि कासावीस झालं की आपलं लाडकंसुद्धा चावतं. दात लागला किंवा जखमेवर लाळ गेली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लशीचं विचारा.

मोती फवारणीचं औषध कालवलेल्या बादलीतलं प्याला होता. ऑरगॅनोफॉस्फरस जातीचं औषध पोटात गेलं की नसा सतत चेतलेल्या राहतात. म्हणून लाळ, उलटी, हगवण एकदमच सुटते, छातीत पाणी दाटतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात. मात्रा त्यांनीच ठरवायची.

तोवर आपल्या हातात काय? 1962 ला फोन. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा हा नंबर, पैसे पडत नाहीत. काय प्यालं, कधी, अंदाजे वजन किती, ते सांगा. औषधाचा डबा जपून ठेवा, त्यावरचं नाव डॉक्टरांना लागतं. अंगावर औषध सांडलं असेल तर रबरी मोजे घालून साबणपाण्यानं धुवा. सावलीत, मान सरळ ठेवून कुशीवर निजवा. तोंड बांधू नका. हिरड्या निळसर दिसल्या तर गाडीची वाट न बघता रिक्षा, टेम्पो, मिळेल त्यानं दवाखाना गाठा.

एखादी उलटी करून पुन्हा शेपूट हलवत फिरणाऱ्या कुत्र्यासाठी एवढी धावपळ नको. निवांत निजलेल्या कुत्र्याचा श्वास साधारण मिनिटाला 30 च्या आत असतो, तो मोजून बघा.

मोती वाचला. ती बादली आता औषधांच्या कपाटात, कुलपात असते.