खुनाला बेत लागत नाही

समजा, कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट सुटताना दोन कामगारांची जुंपली. शिवीगाळ, झटापट, आणि एकानं शेजारी पडलेली सळई उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. एकाच घावात तो गेला. टपरीवर निकाल ठरलेला: "रागाच्या भरात झालं हो, काय ठरवून मारलंय का?" तोच माणूस घरी जाऊन कोयता घेऊन आला आणि वाटेत दबा धरून बसला असता, तर हीच टपरी म्हणाली असती, "डाव धरूनच आला होता." आपल्या लेखी खरा खून तो हा दुसरा.

कायदा उघडला की या समजुतीला चांगलाच धक्का बसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०० आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी लागू झालेलं भारतीय न्याय संहितेचं कलम १०१ यांत खून म्हणजे काय ते सांगितलंय. त्या व्याख्येत पूर्वनियोजनाची अटच नाही! हा शब्द येतो तो पुढच्या अपवादांत, दोनदा, आणि दोन्ही वेळा 'पूर्वनियोजन नसताना' असा. एकदा स्वसंरक्षणाची मर्यादा ओलांडली गेल्यावर, दुसऱ्यांदा अचानक पेटलेल्या मारामारीत. बेत आखला होता हे सरकारी वकिलांना सिद्ध करावं लागत नाही; तो नव्हता, हा आरोपीचा आधार. तोही तोकडा. सळईवाल्यानं समोरच्याचा गैरफायदा घेतला असेल किंवा क्रूरपणा केला असेल, तर हा अपवाद त्याला मिळत नाही. मिळाला तरी सुटका नाहीच, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो इतकंच.

इरादा मात्र लागतो, आणि तो क्षणात जन्मू शकतो. १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्या. व्हिवियन बोस यांनी विचारलं ते एवढंच: नेमकी हीच जखम करायची होती का, आणि अशी जखम सामान्यतः जीव घ्यायला पुरेशी आहे का? आरोपी त्याआधी किती वेळ विचार करत होता, याला तिथं जागा नव्हती. तरीही तो खूनच ठरला.

बेत पुढं शिक्षेच्या वेळी डोकं वर काढतो. १९८० च्या बचन सिंग खटल्यात फाशीकडे झुकवणाऱ्या बाबींची यादी डॉ. चितळे या वकिलांनी सुचवली. तिच्यात पहिलीच बाब होती आधी योजना आखून अत्यंत क्रूरपणे केलेला खून.

पण बेताचा खरा कस लागतो तो रागाच्या बचावाशी गाठ पडली की. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीनं प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं आणि ते बोटीवर गेले. रात्री एकट्यानं अहमदनगरला गाडी न्यायची आहे, असं खोटंच सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. तिथंच थोडं सरकारी कामही उरकलं. (मला सगळ्यात थक्क करतं ते हे.) मग आहुजाचं ऑफिस, तिथून त्याचा फ्लॅट, आणि थेट बेडरूम.

आहुजाच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. गंभीर आणि अचानक चिथावणीचा बचाव तपासताना न्यायालयानं घड्याळाकडे बोट दाखवलं: दुपारी दीडला घर सोडलं, गोळ्या झाडल्या चार वीसच्या सुमारास. मधल्या जवळजवळ तीन तासांत भडका शमायला भरपूर सवड होती.

रिव्हॉल्व्हर स्वतःवरच झाडायला घेतलं होतं, असं नानावटींचं म्हणणं. बेडरूममध्ये आपण शिवी दिली आणि आहुजानंही तसंच उर्मट उत्तर दिलं, हेही त्यांनी सांगितलं. असं संभाषण झालं, यावर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. झालं असलं तरी, न्यायालय म्हणालं, स्वतः शिवी द्यायची आणि उलट शिवी आली म्हणून ती चिथावणी मानायची, हे चालणार नाही.