कामगारांतूनच घडावेत सुरक्षेचे नेते

सोलापूरच्या नवी पेठेत चादर वा टॉवेल विकत घेताना ते विणणाऱ्या हातांचे स्मरण आपणांस क्वचितच होते. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यास आग लागली. मालकाचे कुटुंबीय व कामगार मिळून आठ जण मृत्यू पावले. कारखान्याच्या आवारातच त्यांचे वास्तव्य होते.

भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. मात्र मोजक्या यंत्रमागांच्या शेडपर्यंत अशी समिती पोहोचत नाही. तेथे माग चालविणारा कामगार हाच पहिला निरीक्षक. त्याला तयार कसे करावे?

बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांत ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत रुजविली. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात तिची शिफारस केली. पाहावयाची ती उघडी पडलेली वायर, सुताच्या ढिगाने अडलेला दरवाजा. पारखावयाचे ते हे की, धूर भरल्यास अंधारात कोण कोठून बाहेर पडेल? हेच सर्वांत अवघड, कारण सवयीने धोका दिसेनासा होतो. मग कृती : वाट मोकळी करणे, मुख्य स्विच बंद करण्याचा सराव आणि मालकास दोघा-तिघांनी मिळून सांगणे. एकट्याने सांगितल्यास रोजगार जाण्याची भीती असते.

आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे राबतात, त्यांनी १ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणाला, मिस्सानंतर तासभर असा सराव घ्यावयास हरकत नसावी.